एकच टीव्ही, वाटेकरी चार

दसरा-दिवाळी जवळ आली, की घरोघरी नव्या टीव्हीचा विषय निघतो. मुलाला गेम खेळायला मोठा स्क्रीन हवा असतो. बाबांना क्रिकेट आणि बातम्या, आजीला संध्याकाळच्या मालिका, तर दिवसभराची कामे आटोपल्यावर आईला रात्री शांतपणे एखादी वेबसिरीज पाहायची असते. टीव्ही मात्र एकच येणार असतो आणि त्याचे पैसेही एकाच खिशातून जाणार असतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे ४३ किंवा ५५ इंचांचा टीव्ही आता बऱ्याच कुटुंबांना परवडेलसा वाटतो. पण दुकानात गेले, की क्यूएलईडी, ओएलईडी, १२० हर्ट्झ, एचडीएमआय २.१ अशा शब्दांचा मारा सुरू होतो. गोंधळून जाऊन आपण सर्वात चमकदार दिसणारा टीव्ही उचलतो. खरे तर त्या शब्दांपैकी थोडेच तुमच्या घराशी संबंधित असतात. तुमच्या घरात कोण, कुठे बसून, काय पाहते, हे एकदा नीट ठरले, की निम्मी निवड तिथेच होते.

आधी घराचा हिशेब

खरेदीपूर्वी एक आठवडा साधी नोंद ठेवा. टीव्हीवर केबल किंवा डीटीएच किती तास चालते, ओटीटी किती तास आणि गेम किती तास? अनेक घरांत निर्णय मुलाच्या हट्टावर होतो, पण नोंद पाहिली तर पाच तासांपैकी साडेतीन तास मालिका आणि बातम्यांचे निघतात. अशा घरात केवळ गेमिंगच्या वैशिष्ट्यांसाठी जास्त पैसे मोजणे म्हणजे एका वाटेकऱ्यासाठी बाकीच्या तिघांचा वाटा कमी करणे होय. उलट रोज दोन-तीन तास कन्सोल चालत असेल, तर तिथे काटकसर केल्यास पुढची सहा-सात वर्षे चुटपुट लागून राहील.

गेम कशावर खेळला जातो, हेही विचारून घ्या. फोनवर, कॉम्प्युटरवर, जुन्या प्लेस्टेशन ४ वर, की प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्सवर? प्रत्येकाची गरज वेगळी आहे आणि किमतीतला मोठा फरक इथेच पडतो.

मोजपट्टी घेऊन हॉलमध्ये जा

टीव्हीचा आकार बजेटवरून नव्हे, तर सोफ्यापासून भिंतीच्या अंतरावरून ठरवावा. ४के टीव्हीसाठी सोपा नियम असा, की स्क्रीनच्या कर्णाच्या दीडपट ते दुप्पट अंतरावर बसावे. त्यानुसार ४३ इंचांच्या टीव्हीसाठी साधारण साडेपाच ते सात फूट, ५५ इंचांसाठी सात ते नऊ फूट आणि ६५ इंचांसाठी आठ ते अकरा फूट अंतर योग्य ठरते. शहरातल्या १० बाय १२ फुटांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावला, तरी पाहणाऱ्याचे डोळे स्क्रीनपासून जेमतेम आठ फुटांवर असतात. तिथे ५५ इंच पुरेसा होतो.

कर्णाबरोबर रुंदीही मोजा. ५५ इंचांचा टीव्ही सुमारे चार फूट रुंद असतो, तर ६५ इंचांचा पावणेपाच फूट. अनेक टीव्हींचे पाय दोन्ही टोकांना असतात. त्यामुळे टीव्ही युनिट मध्ये पुरेसे मोठे वाटले, तरी पाय बाहेर लटकू शकतात. भिंतीवर लावायचा असेल, तर सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांच्या रेषेत स्क्रीनचा मध्य यावा. ही उंची जमिनीपासून साधारण तीन ते साडेतीन फूट असते. शोभेसाठी टीव्ही छताजवळ चढवला, तर तासभर गेम खेळणाऱ्याची आणि मालिका पाहणाऱ्या आजीची मान सारखीच दुखेल.

खिडकी किंवा बाल्कनी टीव्हीच्या बरोबर समोर असेल, तर दुपारी स्क्रीनवर तिचेच प्रतिबिंब दिसते. शक्य असल्यास भिंत बदला, नाहीतर जाड पडद्याचा खर्च बजेटमध्ये धरा.

कोण कुठे बसते, त्यावरून पॅनेल

बाजारातले बहुतेक टीव्ही एलसीडी पॅनेलचेच असतात. मागून एलईडी दिव्यांचा प्रकाश पडतो म्हणून त्यांना एलईडी टीव्ही म्हणतात. या पॅनेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. आयपीएस पॅनेलवर बाजूने पाहिले, तरी रंग फारसे फिके पडत नाहीत, पण अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी दिसतो. व्हीए पॅनेलवर काळा रंग गडद दिसतो, मात्र बाजूने पाहणाऱ्याला चित्र धुरकट वाटते.

हा फरक कागदावर लहान वाटला, तरी आपल्या घरात मोठा आहे. आपल्याकडे सगळे जण स्क्रीनसमोर रांगेत बसत नाहीत. एक जण दिवाणावर आडवा असतो, एक जमिनीवर भाजी निवडत असतो, एक स्वयंपाकघराच्या दारातून पाहत असतो. अशा घराला आयपीएससारखे रुंद कोनातून दिसणारे पॅनेल सोयीचे. रात्री दिवे मालवून समोर बसून सिनेमे पाहणारे किंवा गेम खेळणारे एक-दोघेच असतील, तर व्हीए चांगले.

क्यूएलईडी हा पॅनेलचा वेगळा प्रकार नाही. एलसीडीवरच क्वांटम डॉट्सचा थर देऊन रंग अधिक खुलवलेले असतात. मिनी एलईडीमध्ये मागचे दिवे खूप लहान आणि संख्येने जास्त असतात. ते गटागटाने मंद करता येतात, म्हणून उजेड आणि अंधार दोन्ही चांगले दिसतात. दिवसा भरपूर प्रकाश असलेल्या हॉलसाठी हा चांगला पर्याय आहे.

ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाश देतो आणि स्वतः विझतो. त्यामुळे खरा काळा रंग, रुंद कोन आणि झटपट हालचाल हे तिन्ही गुण एकत्र मिळतात. गेमर मंडळी त्याची स्तुती करतात, ती उगाच नाही. पण एक धोका विसरू नका. एकच स्थिर आकृती रोज तासन्‌तास एकाच जागी राहिली, तर तिचा पुसट ठसा या स्क्रीनवर कायमचा उमटू शकतो. आपल्या वृत्तवाहिन्यांवर खाली पट्टी, कोपऱ्यात लोगो आणि बाजूला चौकट दिवसभर हलत नाही. काही गेममध्येही नकाशा आणि गुणफलक सतत एकाच जागी असतात. नव्या ओएलईडीमध्ये हे टाळण्याच्या सोयी असतात, तरी ज्या घरात सकाळपासून रात्रीपर्यंत बातम्याच सुरू असतात, तिथे चांगला एलसीडी किंवा मिनी एलईडी घेतलेला बरा.

गेमिंगसाठी नेमके काय लागते?

पहिली गोष्ट म्हणजे इनपुट लॅग. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम स्क्रीनवर दिसेपर्यंत जाणारा वेळ तो हा. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि तिला वेळ लागतो. सिनेमा पाहताना हे कळतही नाही. गेममध्ये मात्र घात होतो. गेम मोड चालू नसेल, तर काही टीव्हींवर हा उशीर १०० मिलिसेकंदांच्या पुढे जातो. क्रिकेटचे उदाहरण घ्या. वेगवान गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात पोहोचतो. त्यातला पाचवा हिस्सा टीव्हीनेच खाल्ला, तर बॅट वेळेवर कशी फिरणार? गेम मोडमध्ये हा उशीर २० मिलिसेकंदांच्या आत येत असेल, तर घरगुती खेळासाठी टीव्ही उत्तम समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे रिफ्रेश रेट. स्क्रीनवरचे चित्र एका सेकंदात किती वेळा बदलते, हे तो सांगतो. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद राहते, तर १२० हर्ट्झवर ८.३ मिलिसेकंद. शर्यतीच्या आणि नेमबाजीच्या वेगवान खेळांत हा फरक डोळ्यांना जाणवतो. पण इथे एक मेख आहे. जाहिरातींत 'मोशन रेट' किंवा तशाच नावाने लिहिलेला मोठा आकडा म्हणजे पॅनेलचा खरा रिफ्रेश रेट नव्हे. विक्रेत्याला थेट विचारा, ''पॅनेल मुळात किती हर्ट्झचे आहे?'' आणि उत्तर कंपनीच्या वेबसाइटवरील तपशिलाशी ताडून पाहा.

तिसरी गोष्ट एचडीएमआय पोर्ट. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत देऊ शकतात. त्यासाठी १२० हर्ट्झचे पॅनेल आणि तेवढा डेटा पेलणारा एचडीएमआय २.१ पोर्ट, दोन्ही लागतात. खोक्यावर नुसते 'एचडीएमआय २.१' लिहिले आहे म्हणून टीव्ही १२० हर्ट्झचा होत नाही. या मानकातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक असल्याने ६० हर्ट्झच्या टीव्हीवरही हा शिक्का दिसतो. शिवाय अनेक टीव्हींच्या चार पोर्टांपैकी एक-दोनच पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्यातलाच एक साउंडबारच्या ईएआरसीसाठी राखलेला असतो. घरात कन्सोल आणि साउंडबार दोन्ही असतील, तर पोर्ट मोजूनच घ्या.

आणखी दोन शब्द लक्षात ठेवा. एएलएलएम असेल, तर कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो. त्यामुळे मुलाने सेटिंग बदलले आणि आजीची मालिका विचित्र दिसू लागली, अशी भांडणे टळतात. व्हीआरआर असेल, तर गेमचा वेग कमीजास्त झाला, तरी चित्र मधूनच फाटल्यासारखे दिसत नाही.

आता हिशेबाची गोष्ट. घरात प्लेस्टेशन ४ असेल, तर १२० हर्ट्झसाठी पैसे घालवण्याची गरज नाही. त्याला ६० हर्ट्झ पुरेसे आहे. प्लेस्टेशन ५ सुद्धा ६० हर्ट्झच्या ४के टीव्हीवर छान चालतो आणि बरेच गेम तेवढ्याच वेगाने खेळले जातात. फोनवरचा गेम वायफायने टीव्हीवर दाखवायचा असेल, तर उशीर होणारच. दोष टीव्हीचा नसून त्या जोडणीचा असतो. फोनमध्ये सोय असल्यास टाइप सी ते एचडीएमआय केबल वापरावी.

घरातला एकच जण गंभीरपणे आणि एकट्याने स्पर्धात्मक गेम खेळत असेल, तर वेगळा विचार करून पाहा. हॉलसाठी साधा, चांगला ४के टीव्ही आणि त्याच्या टेबलासाठी २४ किंवा २७ इंचांचा गेमिंग मॉनिटर. काही वेळा दोन्ही मिळूनही महागड्या गेमिंग टीव्हीपेक्षा कमी खर्च येतो आणि रिमोटवरून होणारी रोजची ओढाताण संपते.

४के घेतला, पण त्यावर दाखवणार काय?

४के स्क्रीनवर ८० लाखांहून जास्त ठिपके असतात. साध्या एसडी वाहिनीच्या चित्रात त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकेच असतात. म्हणजे एका ठिपक्याच्या माहितीवरून टीव्हीला वीस ठिपके रंगवावे लागतात. हे काम टीव्हीतला प्रोसेसर करतो आणि स्वस्त टीव्हीत नेमका तोच कमकुवत असतो. म्हणूनच जुन्या ३२ इंचांवर बरी दिसणारी मालिका नव्या ५५ इंचांवर बटबटीत वाटते. तुमच्या घरी केबल जास्त चालत असेल, तर आवडत्या चार-पाच वाहिन्या एचडीमध्ये घ्या. महिन्याला थोडे पैसे वाढतील, पण नव्या टीव्हीचे चीज होईल.

ओटीटीवर ४के पाहण्यासाठी साधारण १५ एमबीपीएस किंवा त्याहून अधिक स्थिर वेग लागतो आणि काही ओटीटी सेवा ४के फक्त महागड्या योजनेत देतात. ही दोन्ही बिले कायमची असतात, म्हणून टीव्हीच्या किमतीबरोबरच त्यांचाही विचार करा.

एचडीआर हा शब्द तर प्रत्येक खोक्यावर असतो. त्याने उजेड आणि सावलीतले बारकावे दिसतात, पण त्यासाठी स्क्रीनमध्ये तेवढी प्रखरता हवी. ३०० निट्सच्या आसपासचा टीव्ही एचडीआर चित्र स्वीकारतो, मात्र त्याचा खरा परिणाम दाखवू शकत नाही. ८के टीव्हीसाठी आज घरात पाहण्याजोगे फारसे काही नाही. तो मोह सोडलेला चांगला.

आवाजाकडे दुर्लक्ष नको

टीव्ही जितका सडपातळ, तितकी स्पीकरला जागा कमी. बहुतेक स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात. त्यामुळे पार्श्वसंगीत मोठे आणि संवाद अस्पष्ट ऐकू येतात. घरात ज्येष्ठ असतील, तर त्यांची पहिली तक्रार चित्राबद्दल नसून, ''काय बोलतात ते कळत नाही,'' अशी असते. पुढचा मोठा आकार घेण्याऐवजी त्या पैशांत एक साधा साउंडबार घेतला, तर सगळ्यांचेच समाधान होते.

दुकानात काय तपासाल?

दुकानात टीव्ही 'व्हिव्हिड' किंवा 'स्टोअर' मोडमध्ये लावलेले असतात. भडक रंग आणि खास तयार केलेली चित्रफीत पाहून कोणताही टीव्ही सुंदर वाटतो. म्हणून हे करून पाहा.

* टीव्ही 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' मोडवर लावायला सांगा.

* पेनड्राइव्हमध्ये तुमच्या माहितीचा एखादा व्हिडिओ न्या. त्यातल्या माणसांच्या त्वचेचा रंग नैसर्गिक दिसतो का, ते पाहा.

* एखादी साधी एसडी वाहिनी लावायला सांगा. टीव्हीची खरी परीक्षा तिथेच होते.

* समोरून पाहून झाले, की दोन्ही बाजूंना चार पावले सरकून पाहा.

* क्रिकेट किंवा फुटबॉलचे मैदान दाखवणारे दृश्य लावा. कॅमेरा फिरताना हिरवळीवर उभे काळपट पट्टे दिसले, तर प्रकाश सगळीकडे सारखा पडत नाही असे समजा.

* रिमोटने मेनू भराभर बदलून पाहा. तो आताच अडखळत असेल, तर दोन वर्षांनी आणखी अडखळेल. मात्र केवळ स्मार्ट सोयींसाठी जास्त पैसे देऊ नका. पुढे त्या मंदावल्या, तर बाहेरून स्ट्रीमिंग स्टिक जोडता येते. खराब पॅनेल मात्र बदलता येत नाही.

ऑनलाइन घेणार असाल, तरी आधी एखाद्या दुकानात तो प्रत्यक्ष पाहा. तुमच्या गावात त्या कंपनीचे सेवा केंद्र आहे का, याची चौकशी करा. लहान शहरांत हा प्रश्न किमतीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. 'बिनव्याजी' हप्त्यांमध्ये प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास मिळणारी सूट हातची जाते का, हेही विचारा. स्टार लेबल पाहायला विसरू नका. १२० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला, तर महिन्याला १८ युनिट वीज लागते.

घरी आल्यावर

खोके कंपनीच्या तंत्रज्ञासमोरच उघडा. पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा अशा सलग रंगांची चित्रे लावून मृत ठिपके आणि डाग तपासा. बिलावरचा आणि टीव्हीवरचा अनुक्रमांक जुळतो का, ते पाहा. बदलून देण्याची मुदत संपेपर्यंत खोके टाकू नका. सदोष माल मिळाला आणि विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

त्यानंतर सेटिंग करा. व्हिव्हिड मोड बंद करा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय सिनेमासाठी बंद ठेवा, कारण त्याने सेकंदाला २४ चित्रांवर बनलेला सिनेमा स्टुडिओतल्या मालिकेसारखा दिसतो. कन्सोल ज्या पोर्टला जोडला आहे, त्यावरच गेम मोड ठेवा. जिथे विजेचा दाब कमीजास्त होतो, तिथे स्टॅबिलायझर लावा. पावसाळ्यात विजा चमकत असतील, तर प्लगबरोबर डिशची किंवा केबलची वायरही काढा. झटका तिच्यातूनही येतो.

जुना टीव्ही भंगारवाल्याला देण्याऐवजी एक्स्चेंजमध्ये किंवा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. चालू स्थितीत असेल, तर एखाद्या गरजू कुटुंबाला किंवा वसतिगृहाला तो उपयोगी पडेल.

थोडक्यात निवड

मालिका, बातम्या आणि कधीतरी गेम असे असेल, तर ४३ किंवा ५० इंचांचा, रुंद कोनातून चांगला दिसणारा ६० हर्ट्झचा ४के टीव्ही आणि सोबत साउंडबार. ओटीटी आणि गेम निम्मे-निम्मे असतील आणि हॉल उजेडाचा असेल, तर ५५ इंचांचा, १२० हर्ट्झचा क्यूएलईडी किंवा मिनी एलईडी. खोली अंधारी, बातम्या कमी, नवा कन्सोल आणि सिनेमाची आवड असेल आणि बजेट पेलत असेल, तर ओएलईडी.

रिमोटचे वेळापत्रकही ठरवा

मोठा टीव्ही आला, की स्क्रीनसमोरचा वेळही वाढतो. बालरोगतज्ज्ञांच्या इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांखालील मुलांना नातेवाइकांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल सोडला, तर स्क्रीन दाखवूच नये. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी वेळ असावा. मोठ्या मुलांनाही दर वीस मिनिटांनी नजर दूर नेण्याची सवय लावा.

टीव्ही घरात येण्यापूर्वीच सगळ्यांनी बसून कोणाची वेळ कोणती, हे ठरवा. गृहपाठानंतर गेम, सातनंतर आजीची मालिका, जेवताना टीव्ही बंद आणि रविवारी एक सिनेमा सगळ्यांनी मिळून. आठवड्यातून एकदा आजीच्या हातात कंट्रोलर देऊन पाहा. शर्यतीच्या खेळात नातवाने आजीला गाडी वळवायला शिकवावी आणि बाकीच्यांनी मागून ओरडून सूचना द्याव्यात. चौघांच्या वाट्याला येणारा टीव्ही असाच वसूल होतो.